हाताचा रकाना

"चहा निवलाय, पी," असं बाबा म्हणाले आणि माझी जीभ भाजली. फार नाही, टोकाला डाळीच्या दाण्याएवढा खरखरीत ठिपका उठला, एवढंच. पण मी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघत राहिले. कान तुटलेला तो कप ते सगळ्या तळव्याने वेढून स्वयंपाकघरातून माझ्या टेबलापर्यंत घेऊन आले होते. चहा पाऊणशे अंशांना तरी असणार. त्यांचा तळवा लाल झाला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "काय झालं? साखर कमी आहे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. साखर बरोबर होती. आमच्या घरात बाबांनी 'निवलाय' म्हटलं की डोळे मिटून तोंडाला लावायचं, हे मी चालायच्याही आधी शिकले असेन. चोवीस वर्षांत तो शब्द कधी चुकला नव्हता, आणि माझ्या जिभेवर आता तो चुकल्याचा पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तो ठिपका मी दातांवर घासत होते. माझं काम थर्मामीटर तपासण्याचं. दवाखाने, बेकऱ्या, दुधाचे कारखाने आपापले थर्मामीटर आमच्याकडे पाठवतात. आम्ही ते आमच्या खात्रीच्या थर्मामीटरशेजारी बुडवतो, फरक लिहितो आणि सही-शिक्क्याचा दाखला देतो. सगळ्यात आधी बर्फ. चुरा केलेला बर्फ, शुद्ध पाणी, वीस मिनिटं वाट. शून्य दाखवायला हवं. जो शून्यच नीट सांगू शकत नाही त्याचं पुढचं काय ऐकायचं, असं आमचे वरिष्ठ म्हणतात. मला हे काम आवडतं कारण त्यात वाद नसतो. आकडा असतो, त्याच्या पुढे-मागे किती चूक संभवते ते असतं, आणि संपलं. शिकताना पहिल्याच वर्षी कळलं होतं की थंडी नावाचं काही नसतंच. उष्णता असते, कमी किंवा जास्त. घरी येऊन हे मी मोठ्या ऐटीत बाबांना सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, "असं होय. मग मी तीस वर्षं कशात काम केलं, शास्त्रज्ञबाई?" आई आतून हसली होती. तेव्हा आई होती.

बाबा शीतगृहात कामाला आहेत. पाटीवर 'शीतगृह' असं लिहिलंय खरं, पण आतलं कुणी 'शीत' म्हणत नाही. तो शब्द पाटीवरच राहतो, उन्हात. आत सहा खोल्या, त्यांत फुलझाडांचे कंद, सफरचंदं, बियाण्याचे बटाटे. दारापाशी मीटर आहेत, पण मीटर सांगतो ती दारातली हवा. थप्पीच्या पोटात, सहाव्या खोक्याच्या मागे काय चाललंय, ते मीटरला ठाऊक नसतं. म्हणून थोरल्या मालकांनी, फार वर्षांपूर्वी, रजिस्टरमध्ये आकड्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखून घेतला होता: 'हाताने'. बाबा खोक्यांच्या फटीत हात घालत, पालथी बोटं मालाला टेकवत, आणि बाहेर येऊन रकान्यात एक शब्द लिहीत. आकडा नाही, शब्द. गार. थंड. थंडगार. गारढोण. गारढोण आलं की मशीनला विश्रांती द्यायची. आणि त्याच्याही खाली त्यांचा स्वतःचा एक शब्द होता, 'हाडात', म्हणजे गारपणा कातडी सोडून आत शिरला, आता माल गोठेल. मशीन चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे इंजिन म्हणतात, ते आकड्याकडे बघतही नसत. "पारा काय म्हणतो?" एवढंच विचारत. पारा म्हणजे बाबा. तिथे त्यांना त्यांच्या नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. सुट्टीत मी डबा द्यायला जायचे तेव्हा दारावरचा माणूस ओरडायचा, "पाराची पोरगी आलीय, सोडा आत." मला ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं.

आईचे शब्द वेगळे होते आणि बाबांच्या शब्दांशी त्यांचं जमत नसे. बाबांच्या शब्दांत वस्तू असायच्या, आईच्या शब्दांत माणसं. तिच्या लेखी गारवा ही चांगली गोष्ट होती, ती खिडकीतून यायची; गारठा वाईट, तो जमिनीतून वर चढायचा आणि मोज्यांत शिरायचा. अंगावर शिरशिरी आली तर कुणीतरी आठवण काढली असेल, पण हुडहुडी भरली की औषध. मी कुडकुडायचे, बाबा काकडायचे, आणि ती स्वतः कधीच काही करायची नाही, कारण तिच्याकडे वेळ नसायचा. बाबा कामावरून आले की ती त्यांना शेगडीजवळ बसवायची. "आधी हात माणसात आणा, मग पोरीला हात लावा." ते हात पुढे करून बसायचे, मी समोर ताटकळत. मग त्यांच्या बोटांची पालथी बाजू माझ्या कपाळावर यायची, आणि ते गंभीरपणे सांगायचे, "गार आहेस." गार म्हणजे ताप नाही. गार म्हणजे उद्या शाळा. किती वेळा मला त्या शब्दाचा राग आलाय. आणि आता, प्रयोगशाळेत बर्फाचा चुरा करताना, हातमोज्यांच्या आत माझी बोटं आखडतात तेव्हा वाटतं, कुणीतरी कपाळाला हात लावून ते म्हणावं आणि प्रकरण संपवावं.

दहा वर्षांची असताना मी त्यांचे शब्द मोजले होते. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. बाबांनी कामावरून एक काचेचा थर्मामीटर आणला होता, तिथे तो टाकून दिलेला, आत लाल रेघ, टोकाला तडा गेल्यासारखी एक खूण. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मोरीजवळ बैठक मारली. मी वाटीत पाणी करायचे, कधी शेगडीवर धरून, कधी बर्फ टाकून. ते बोट बुडवायचे, शब्द सांगायचे. मग मी थर्मामीटर घालून आकडा लिहायचे. तीन दिवस. आई म्हणाली, "दोघांनी मिळून मोरी अडवलीय, भांडी काय गच्चीवर घासू?" मधेच मी त्यांना फसवायला आधीचंच पाणी पुन्हा दिलं, तर ते म्हणाले, "हे मघाचं आहे." चौथ्या दिवशी वहीच्या पानावर तक्ता तयार झाला. कढत, ऊन, निवलेलं, कोमट, असं उतरत उतरत गार, थंड, थंडगार, आणि 'गारढोण: ४', आणि तळाला 'हाडात: २'. बाबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे मी एवढा नेमका आहे?" ते म्हणाले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मोजमाप, आणि मी जे मोजलं ते माझे वडील होते.

जिभेवरचा ठिपका शनिवारी बरा झाला. रविवारी दुपारी मी माळ्यावरून जुन्या वह्यांचं खोकं काढलं. वही मिळाली, पण तक्त्याचं पान तिच्यात नव्हतं. शिवणीपाशी फाडलेली कड होती. वाईट वाटलं, पण तक्ता मला जवळजवळ पाठ होता. बाबा खिडकीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "बाबा, तो मोरीतला खेळ परत करू या?" त्यांनी पेपर खाली केला नाही. "आता काय लहान आहेस का?" "तुम्ही म्हातारे झालात का ते बघायचंय." ही थट्टा होती, आणि नव्हतीही. पेपर खाली आला.

आधी मी काचेचे पेले घेतले. त्यांनी सात पेल्यांना हात लावला आणि सातही बरोबर सांगितले. मला हायसं वाटलं. चहाच्या वेळी लक्ष नसेल, होतं असं माणसाचं. मग मी पेल्यांकडे पाहिलं. गार पेल्यांवर बाहेरून दव धरलं होतं, जास्त गार त्यावर जास्त, शेवटच्यावर तर ओघळ. ऊन पेल्याच्या तोंडाशी वाफ होती. हे शब्द आंधळ्यालाच सांगता आले नसते. मी प्लॅस्टिकचे मग आणले, त्यांना नॅपकिन गुंडाळले, आणि फार गरम काही घेतलं नाही, वाफ दिसू नये म्हणून. "बोट बुडवून सांगा." पहिल्या मगात त्यांनी बोट घातलं आणि बराच वेळ ठेवलं. "थंड," म्हणाले. ते साधं नळाचं पाणी होतं. दुसऱ्यात बर्फ विरघळून गेलेला होता. "कोमट." तिसऱ्यात पंचेचाळीस अंशांचं पाणी होतं. ते थांबले. मी मान वर केली तर ते पाण्याकडे बघतच नव्हते, माझ्या पेनाकडे बघत होते. पेन कुठे वळतंय, अक्षर लांब आहे की आखूड. ते म्हणाले, "गार." माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायचे तोच आवाज.

मी लिहिलं नाही. त्यांनी बोट बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं. "कधी कळलं तुला?" "परवाच्या चहाला." "मला तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "तुझी आई गेली त्या दिवशी अजून होतं. तिच्या कपाळाला हात लावला तेव्हा नीट कळलं होतं मला, कितपत ते. त्यानंतर हळूहळू गेलं. डॉक्टर म्हणतो साखरेमुळे. शिरा." मी विचारलं, काहीच लागत नाही? शास्त्र शिकलेली मुलगी विचारेल तसंच विचारलं, किती लागतं, कुठपर्यंत. त्यांनी बोटं हलवून पाहिली. "लागतं ना. वस्तू आहे हे लागतं. गारही नाही, ऊनही नाही. नुसती असते." आमच्या तक्त्यात याला शब्द नव्हता. बधिर म्हणता आलं असतं, पण तो डॉक्टरांचा शब्द झाला. बोटाच्या आतून त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

"मग रजिस्टर?" मी विचारलं. "तीन वर्षं हाताच्या रकान्यात काय लिहिता?" तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. त्यात माझं पान होतं. घड्यांवर विरलेलं, माझं दहा वर्षांचं अक्षर, 'गारढोण'चा ढ उलटा काढून मग दुरुस्त केलेला. "तो आपला काचेचा थर्मामीटर मोज्यात घालून न्यायचो," ते म्हणाले. "थप्पीच्या मागे गेलं की फटीत सरकवायचा, आकडा बघायचा, यात शब्द बघायचा, आणि बाहेर येऊन लिहायचा. मीटर बघणाऱ्यांना आयुष्यभर हसलो मी. आणि शेवटी काय, मलाच तुझ्यातून पाहून लिहायची वेळ आली." हे सांगताना त्यांना थोडं हसूही आलं. मग ते गेलं. "चाललं होतं नीट. या हिवाळ्यात बिघडलं. तीन नंबरमधले कंद थप्पीतच फुटले. कोंब आले सगळ्याला. धाकटे मालक म्हणतात इंजिनने मशीनला विश्रांती दिली म्हणून. उद्या त्याला बोलावलंय. नवा माणूस बघून ठेवलाय म्हणे." इंजिनने विश्रांती का दिली, हे विचारायची गरज नव्हती. रकान्यात 'गारढोण' लिहिलेलं होतं. "तो बिचारा माझ्या शब्दावर चालतो," बाबा म्हणाले. "आणि मला कळत नाही मी चुकलो कुठे. आकडा चारच होता. तुझ्या पानावर चारच आहे. मी चारदा बघितलं."

"या हिवाळ्यात काय बदललं?" "काही नाही. तू दिलेला नवा वापरायला लागलो." माझ्या पहिल्या पगाराच्या महिन्यात, त्यांच्या वाढदिवसाला, मी त्यांना एक छोटा डिजिटल थर्मामीटर दिला होता. गंमत म्हणून. तुमच्या हाताला जोडीदार, असं म्हणून. सोबत आमच्या प्रयोगशाळेचा दाखला, माझी सही. त्यांनी तो दाखला भिंतीवर लावला होता. मी उठले. मोज्यातला जुना थर्मामीटर कपाटात होता. फ्रीजमधला बर्फ फडक्यात घेऊन लाटण्याने ठेचला, पेल्यात भरला, पाणी घातलं, थर्मामीटर उभा केला आणि वीस मिनिटं आम्ही दोघं तिथेच मोरीजवळ बसलो, चौदा वर्षांपूर्वीसारखे, फक्त भांडी घासायला वाट मागणारं कुणी नव्हतं. हजारभर परक्या थर्मामीटरना मी बर्फात उभं केलं असेल. घरच्याला एकदाही नाही. लाल रेघ उतरली, उतरली, आणि थांबली. दोनवर.

मला समजायला क्षण लागला आणि त्यांना समजावायला अर्धा तास. जुना थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवत होता, कदाचित म्हणूनच तो तिकडे टाकून दिला होता. मी दहा वर्षांची असताना ज्या पाण्यापुढे 'चार' लिहिलं ते खरं दोनचं पाणी होतं. तक्ता चुकीचा होता. पण बाबा त्याच चुकीच्या थर्मामीटरने बघून त्याच चुकीच्या तक्त्यात शब्द शोधत होते, म्हणून चुकीत चूक मिळून जात होती आणि रकान्यात येणारा शब्द अगदी खरा असायचा. मग मी एक बरोबर थर्मामीटर आणून दिला. त्याने खरे चार दाखवले, तक्त्याने त्यांना 'गारढोण' म्हटलं, इंजिनने मशीन थांबवलं, आणि कंदांना वाटलं वसंत आला. बाबांनी हे सगळं ऐकलं. मग दाखल्याकडे पाहिलं. "म्हणजे चूक कुणाची?" "माझी. दोन अंशांची." "तू दहा वर्षांची होतीस." "दाखल्यावर सही केली तेव्हा नव्हते." ते पानाच्या घड्या पुन्हा घालत होते, जुन्याच रेघांवर. "थर्मामीटर तुझा," ते म्हणाले, "पण रकाना हाताचा होता. तिथे हात नव्हता. ते काही तुझ्या दोन अंशांत बसत नाही."

त्यांना गप्प राहता आलं असतं. ही शक्यता खोलीत बसून होती आणि दोघांनाही दिसत होती. इंजिन म्हातारा आहे, आज ना उद्या घरी बसणारच, कंद फुटायची कारणं हजार असतात. आणि पारा हे नाव एकदा गेलं की तिथे बाबांना कशाने हाक मारणार? घरी ते बाबा आहेत, आई असती तर 'अहो' असते. बाकी जगात ते त्या एका शब्दावर उभे आहेत. सल्ला द्यायला मला कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी दाढी केली. ते सोमवारी सकाळी करतात. रविवारी केली तेव्हा मला कळलं.

सोमवारी मी अर्धी रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. धाकट्या मालकांच्या खोलीत इंजिन आधीच उभे होते, टोपी हातात घेऊन. बाबांनी रजिस्टर उघडलं, त्यावर माझं पान ठेवलं, आणि सरळ सांगितलं. हात गेलाय. तीन वर्षं हे बघून लिहितो. मशीन माझ्या शब्दावर थांबवलं गेलं. यापेक्षा जास्त नाही. मी थर्मामीटरचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. मालकांनी पान उलटसुलट करून पाहिलं. तरुण माणूस, वाईट नाही. हाताचा रकाना त्यांना कधी कळलाच नव्हता. "मग हा बंद करू," ते म्हणाले. "थप्पीच्या आत तारा सोडू. मीटर बाहेर दिसतील. तुम्ही आकडे लिहा." बाबांनी हो म्हटलं. इंजिनबद्दल मालक बोलले नाहीत, नुसती हाताने कामाला जायची खूण केली. म्हणजे ते राहिले. आणि बाबांनी तिथेच, उभ्या-उभ्या, पट्टी लावून रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. मला वाटतं, पेनही त्यांना नुसतं असल्यासारखंच लागलं असेल.

बाहेर बोळात इंजिनने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मला एका पोरीच्या वहीवर नाचवलंस." "तीन नाही. दोन वर्षं नीटच नाचलास की." "पारा, अरे सांगायचंस." बाबा थबकले. त्या हाकेने थबकले. इंजिन पुढे निघूनही गेले होते. त्यांना आपण काही वेगळं बोललो असं वाटलंच नव्हतं. मी मधल्या वेळात तीन नंबरच्या खोलीत शिरले. रिकामी होती, कोपऱ्यात चार खोकी. वास मात्र तोच, ओल्या लाकडाचा आणि मातीचा, सुट्टीतल्या डब्याचा. मी विचार न करता पालथी बोटं खोक्याला टेकवली, आणि आकड्याच्या आधी शब्द आला. गारढोण. नंतर मनात आकडाही आला, दोन, आणि तो कुठून आला हे मला सांगता येणार नाही. कुणी दाखला मागितला तर देताही येणार नाही.

मशीनच्या खोलीत ऊब असते. इंजिनने तिथल्या शेगडीवर चहा केला आणि तीन पेले भरून लाकडी फळीवर ठेवले. त्यांनी मशीनच्या आवाजाबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली. बाबांनी पेला उचलला, सगळ्या तळव्याने, ओठांपर्यंत नेला. तिथे थांबले. त्यांनी पेल्यात पाहिलं; वर साय धरली होती, वाफ दिसत नव्हती. मग हात लांब करून पेला माझ्यापुढे धरला. "बघ गं."

मी पालथी बोटं पेल्याला लावली. "हातात धरण्याजोगा झालाय," मी म्हटलं. "पिण्याजोगा नाही अजून. थांबा."

त्यांनी पेला खाली ठेवला, रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर, आणि थांबले.